सिंगापूर ते न्यूयॉर्क: वहीतलं अंतर आणि हवेतले तास

सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान हे जगातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या नियमित उड्डाणांपैकी एक. कामासाठी मला त्याच मार्गानं जायचं होतं, म्हणून आधी अंतर शोधायला बसले. एका ठिकाणी १५,३०० किलोमीटरच्या आसपासचा आकडा मिळाला, दुसरीकडे १६,७००. चौदाशे किलोमीटरचा फरक! एवढ्यात दीड-दोन तासांचं स्वतंत्र उड्डाण बसतं. बरं, दुसरा आकडा कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाची थेट सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा कंपनीनंच तो जाहीर केला होता. प्रवासाचा वेळ सांगितला होता जास्तीत जास्त १८ तास ४५ मिनिटं. मला जायचं होतं केनेडी विमानतळावर. पण सिंगापूरहून मोजलं तर या दोन विमानतळांच्या अंतरात पाच किलोमीटरचाही फरक येत नाही. तेव्हा फरकाचं मूळ दुसरीकडे होतं.

माझे काका मालवाहू जहाजांवर नेव्हिगेशन अधिकारी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नकाशा म्हटला की अजूनही खुर्चीत सरसावून बसतात. त्यांना फोन केला.

"काका, दोन विमानतळांमधलं अंतर हातानं कसं काढायचं?"

"रेखांश सांग दोघांचे."

"सिंगापूरचं विमानतळ, चांगी, १०४ पूर्व, किंचित कमी. केनेडी ७३.७८ पश्चिम."

"बेरीज कर."

"१७७.७७."

"अगं, मग कॅल्क्युलेटर कशाला काढतेस? १८० ला आलंच की. सरळ ध्रुवावरून जा!"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. दोन ठिकाणांच्या रेखांशांत बरोबर १८० अंशांचा फरक असेल, तर ती पृथ्वीच्या समोरासमोरच्या रेखावृत्तांवर असतात आणि त्यांच्यातला सर्वांत जवळचा रस्ता ध्रुवावरून जातो. चांगीचा अक्षांश १.३५ उत्तर, म्हणजे तिथून उत्तर ध्रुव ८८.६५ अंश दूर. केनेडीचा अक्षांश ४०.६४, म्हणजे ध्रुवापासून खाली ४९.३६ अंश. बेरीज १३८.०१ अंश. आणि अंशाचे सागरी मैल करणं खलाशाच्या हाताचा मळ: एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. काकांनी फोनवरच गुणाकार केला, ८,२८० सागरी मैल. किलोमीटरमध्ये १५,३३५ च्या आसपास. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील.

तरी मी रीतसर सूत्र लावून पाहिलंच. गोलावरच्या त्रिकोणमितीचं हे सूत्र दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार घ्यायचा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा. जे येईल ते आपल्या कोनाचं कोसाइन. माझं उत्तर आलं उणे ०.७४२७, म्हणजे १३७.९६ अंश. काकांच्या तोंडी हिशेबापेक्षा ०.०५ अंशानं कमी. कमी येणारच, कारण रेखांशांतला फरक पुरता १८० नाही; खरा जवळचा रस्ता ध्रुवाला हात लावत नाही, सुमारे २८० किलोमीटर लांबून जातो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर अंतर १५,३४० किलोमीटर, सागरी मैलांतून मोजलं तर १५,३३०. हा दहाचा फरक राहतो, कारण पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. दोन्ही बाजूंनी एकाच गावाला पोचल्यावर दहा किलोमीटरवरून काय भांडायचं!

या आकड्याचा आवाका कळायला आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरांहून फारशी लांब असूच शकत नाहीत, कारण तेवढ्यात अर्धा परीघ संपतो. १५,३४० म्हणजे त्या कमाल अंतराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग.

पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोरा ताणून पाहाच. सपाट नकाशावर मला दोनच रस्ते सुचत होते, डावीकडून अटलांटिक किंवा उजवीकडून पॅसिफिक. दोरा मात्र ताण दिला की दोन्ही सोडून सरळ वर सरकला आणि गोलाच्या आसापाशी जाऊन बसला. हेच ते बृहद्वृत्त, गोलावर काढता येणारं मोठ्यात मोठं वर्तुळ; जवळचा रस्ता त्याच्यावरूनच जातो. शाळेत व्याख्या पाठ केली होती, उपयोग आता झाला.

अंतर कळलं, आता वेळ. एअरबस ए-३५० साधारण मॅक ०.८५ नं उडतं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. वर हवेचं तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि त्या थंडीत ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटरवर येतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. १५,३४० भागिले ९००, उत्तर १७ तास. म्हणजे जाताना आणि येताना सतरा तासच लागायला हवेत.

प्रत्यक्षात तसं नाही. केनेडीची सेवा ९ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक मी समोर ठेवलं. सिंगापूरहून रात्री २:२५ ला निघायचं, न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोचायचं. परत येताना न्यूयॉर्कहून रात्री १०:३० ला निघून तिसऱ्या दिवशी सकाळी ६:१० ला सिंगापूर. हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत १३ तासांचा फरक असतो. (उन्हाळ्यात १२, न्यूयॉर्क घड्याळ पुढे-मागे करतं, सिंगापूर करत नाही.) तो धरला की जाताना १८ तास ५ मिनिटं आणि येताना १८ तास ४० मिनिटं.

सतराचे अठरा-साडेअठरा होतात ते दोन कारणांनी. पहिलं किरकोळ आहे. वेळापत्रकातली वेळ ही विमान गेटवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबलं तोपर्यंतची असते. टॅक्सीवेवरची रांग, चढाई, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं तिच्यात आलं. दुसरं कारण खरं महत्त्वाचं: विमान दोऱ्याच्या रेषेवरून जातच नाही.

ध्रुवाजवळून जायचं तर अडचणी बऱ्याच. वाटेत काही झालं तर उतरायला विमानतळ मोजकेच. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, त्यामुळे टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर सतत डोळा ठेवावा लागतो. अमेरिकेचे ध्रुवीय उड्डाणांचे नियम तर असे की कर्मचाऱ्यांसाठी कडाक्याच्या थंडीचे पोशाख विमानात ठेवावे लागतात. त्यात ध्रुवाच्या अलीकडची मोठी जमीन रशियाची, आणि २०२२ पासून कित्येक विमान कंपन्यांनी ते आकाश टाळलं आहे.

पण एवढी कारणं नसती तरी विमान त्या रेषेवरून गेलं नसतं असं मला हिशेब करताना पटत गेलं. ते वाऱ्यामुळे. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या सहज वर जातो. (१९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यानं निष्कर्ष छापले एस्पेरांतो भाषेत, जगभर पोचावेत म्हणून; वाचले फारच थोड्यांनी.) विमान ९०० नं जातं ते हवेच्या तुलनेत. हवा स्वतःच १५० नं पुढे चालली असेल तर जमिनीवरचा वेग १,०५०, समोरून आली तर ७५०. तेच १५,३४० किलोमीटर पहिल्या वेगानं साडेचौदा तासांत होतात आणि दुसऱ्यानं साडेवीस तासांत! वारा काही सगळ्या वाटेवर एकसारखा नसतो, तरी मार्ग आखणाऱ्याला किलोमीटरपेक्षा वारा का महत्त्वाचा, ते यातून दिसतं.

आता तो १६,७०० चा आकडा घेतला. उत्तर पॅसिफिकवरून लांबच्या वाटेनं गेलं आणि सरासरी फक्त ६० किलोमीटरचा मागचा वारा मिळाला असं धरलं, तर वेग ९६० आणि वेळ साडेसतरा तासांच्या आत. त्यात जमिनीवरचा अर्धा-पाऊण तास धरला की वेळापत्रकाच्या जवळ आलो. दोन्ही आकडे बरोबर होते. एक पृथ्वीवरचं अंतर सांगत होता, दुसरा विमान प्रत्यक्षात किती फिरतं ते.

याचं सर्वांत धीट उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं ते विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट १,४०० किलोमीटरनं वाढली, १५,३०० झाली, आणि वेळ उलट कमी होऊन साडेचौदा तासांवर आला.

तिकीट काढताना आणखी एक पर्याय पुढे आला, फ्रँकफर्टला थांबून जाण्याचा. सवय लागली होती, त्याचंही अंतर काढलं. सिंगापूर–फ्रँकफर्ट १०,२८०, फ्रँकफर्ट–केनेडी ६,१९०, एकूण १६,४७० किलोमीटर. थेट विमान हवेत जेवढं फिरतं त्याहून हे कमीच! तरी प्रवास चोवीस तासांच्या आसपास, कारण मधला थांबा आणि अटलांटिकवर थेट तोंडावर येणारा पश्चिमेचा वारा. पाय मोकळे करायला मिळतात हा थांब्याचा मोठा फायदा, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी तोच मार्ग सुचवेन. मी मात्र थेट निवडलं. खरं सांगायचं तर पडद्यावरचा नकाशा बघायची हौस होती.

विमानात समोरच्या सीटच्या पाठीवर उड्डाणाचा नकाशा असतो. मी मांडीवर वही घेऊन बसले होते, अधूनमधून जमिनीवरचा वेग, उंची, मागचा वारा टिपत होते. शेजारच्या काकूंना वाटलं मी विमान कंपनीची कुणी तपासनीस आहे. "सगळं ठीक आहे ना हो?" त्यांनी दोनदा विचारलं.

निघाल्यावर नकाशातलं विमान ध्रुवाकडे न वळता ईशान्येला लागलं, फिलिपिन्सच्या बाजूनं जपानकडे. सुरुवातीचे काही तास वेग ९०० च्या आतबाहेरच होता. विषुववृत्ताजवळ जेट स्ट्रीम नसतो. जपानच्या पूर्वेला गेल्यावर आकडा चढायला लागला. ९७०, १,०२०, मग १,०९०. त्याच्याखाली मागचा वारा १८० च्या पुढे. विमानाच्या आवाजात काही फरक नाही, धक्का नाही, पाण्याचा पेला जागचा हलत नाही. फक्त पडद्यावरचे किलोमीटर भराभर कमी होत होते.

उंचीच्या नोंदी मला जास्त आवडल्या. आधी ३३,००० फूट, कितीतरी वेळानं ३५,०००, पुढे ३७,०००, शेवटी ३९,०००. एकदम वर का जात नाही? कारण निघताना विमान इंधनानं जड असतं. नेवार्कसाठी आणलेल्या ए-३५० च्या अतिलांब पल्ल्याच्या प्रकारात १,६५,००० लिटर इंधन मावतं, नेहमीच्या प्रकारापेक्षा २४,००० लिटर जास्त. ते जळत जाईल तसं विमान हलकं होतं आणि पायरी-पायरीनं विरळ हवेत चढतं. आणि सगळ्या उंच्या विषम हजारांच्या का? पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, असा आकाशातला रिवाज आहे, समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. आपण कुठल्या दिशेला चाललोय हे खिडकी न उघडता उंचीवरून कळतं, याची मला गंमत वाटत राहिली.

खिडकी उघडली तेव्हा उजाडत होतं. तारीख आमच्या निघण्याचीच. पूर्वेकडे एवढ्या वेगानं चाललं की दिवस चेपला जातो. जेमतेम जेवण आणि एक झोप झाली तोवर सूर्य मावळायला लागला. मध्ये वार रेषा ओलांडली आणि तारीख एक दिवस मागे गेली. मग रात्र, आणि न्यूयॉर्क जवळ आल्यावर परत सूर्योदय. दोन्ही सूर्योदय एकाच तारखेचे! काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मी आजच्या गोळ्या घेतल्या की नाही घेतल्या?" प्रश्न अजिबात हसण्यासारखा नाही. ज्यांना ठरावीक तासांनी औषध घ्यायचं असतं त्यांनी या मार्गावर तारीख-वार विसरून सरळ तास मोजावेत, आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

परतीच्या वेळी मला वाटलं होतं त्याच वाटेनं उलट येऊ, म्हणजे आता वारा तोंडावर. नकाशा सुरू झाला तर विमान अटलांटिककडे निघालेलं. परत पूर्वेलाच! आयर्लंड, युरोप, काळा समुद्र, कॅस्पियन, मग खाली बंगालचा उपसागर. वहीत उंच्यांच्या नोंदी पुन्हा विषम. तिथे बसल्या बसल्या मी रेखांशांची बेरीज केली. जाताना पॅसिफिकवरून १८२.२३ अंश पूर्वेकडे, येताना अटलांटिकवरून १७७.७७ अंश पूर्वेकडे. एकूण ३६०. एका परतीच्या तिकिटात पृथ्वीला फेरी पूर्ण. दोन ठिकाणं जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर असली की ही चैन परवडते, कुठल्याही बाजूनं गेलं तरी फार फरक पडत नाही, मग ज्या बाजूला वारा तिकडून जायचं. वाट रोज एकच असते असंही नाही. त्या दिवशीचं वारं, वादळं, कुणाचं आकाश खुलं, हे बघून निघण्याच्या काही तास आधी मार्ग ठरतो.

मग येताना पस्तीस मिनिटं जास्त का? मी लावलेला अर्थ असा: अटलांटिकवर वारा पाठीशी असतो, पण आशियात दक्षिणेला वळल्यावर शेवटचे कित्येक तास जेट स्ट्रीम सुटलेला असतो, आणि जपानच्या बाजूला मिळतो तसा लांबलचक जोरदार पट्टा या वाटेवर मिळत नाही. माझ्या नोंदींत तरी शेवटचा टप्पा ९०० च्या घरातच होता.

चांगीला चाकं टेकली तेव्हा ठरलेल्या वेळेला अजून बराच अवकाश होता. काही प्रवासी उठून उभे राहिले, एकानं टाळीसुद्धा वाजवली. पण आमचं गेट रिकामं नव्हतं. विमान टॅक्सीवेवर उभं राहिलं, पुढे सरकलं, परत उभं राहिलं. दार उघडलं तेव्हा वेळापत्रकाच्या आधीची फक्त चार मिनिटं शिल्लक होती, आणि नोंदीत जाणार होती तीच.